कालचा मोजा

डागकाकूंचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि काकूंनाही ते सही करायची वेळ आली की मगच आठवत असावं. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. तळघरातली ती खोली, भिंतीला एक खिडकी, आणि त्या खिडकीतून दिवसभर धप धप येऊन पडणारी चादरींची गाठोडी. बरेचसे कपडे मशीनमध्ये जात. मशीनला दाद न देणारा डाग असला की पोरी ओरडायच्या, "काकूंकडे द्या!" म्हणून त्या डागकाकू. रक्ताला गार पाणी आणि मीठ, चहाला कढत पाणी, औषधाच्या पिवळ्या डागाला कडक ऊन, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्या खोलीचा एक रिवाज होता. डाग कुणाचा, कशाचा, चादरीवरचा माणूस घरी गेला की कायमचा गेला, हे विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या मुकादमीणबाईंनी बजावलं होतं, "डाग दिसला की काढायचा. बाकीचं वरच्या मजल्यावरचे बघतील." तेव्हा काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं, गाठोडी सोडताना त्यांना मळमळायचं. रिवाजानं त्यांना सांभाळलं. हळूहळू रक्त हे रक्त राहिलं नाही, नुसता डाग झाला.

निवृत्तीनंतर सगळी हौस घरच्या दोरीवर आली. गॅलरीतली ती दोरी म्हणजे काकूंचा मानबिंदू. उशीची खोळ असो की पायपुसणं, असं पांढरंशुभ्र की समोरच्या गॅलरीतली शिवणकामवाली शेजारीण म्हणायची, "काकू, तुमच्या दोरीकडे बघायचं तर गॉगल लावून बघावं लागतं." काकू म्हणायच्या, "चल, काहीतरीच तुझं," आणि खोळीचं टोक जरा आणखी ताणून चिमटा लावायच्या.

काकूंचे यजमान शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात शिट्टी, हातात वेताएवढी बारीक बांबूची काठी, आणि आवाज असा की पलीकडच्या मैदानातली पोरंसुद्धा सावधानमध्ये उभी राहायची. निवृत्त झाले तरी मास्तरांची चाल तीच. दूध आणायला निघाले तरी संचलनाला निघाल्यासारखे. शिट्टी घरातही खुंटीला होती, आणि चहाला उशीर झाला की ती वाजायची. काकू आतून म्हणायच्या, "वाजवा, वाजवा. गाडी काही वेळेआधी सुटायची नाही."

अशा माणसाच्या पायांनी दगा द्यावा, याला काय म्हणायचं! साखरेचं दुखणं जुनंच होतं, गोळ्या चालू होत्या. पण एकदा मास्तर बाजारातून आले आणि मागून फळवाला जिना चढत हाका मारत आला. त्याच्या हातात मास्तरांची एक चप्पल होती. रस्त्यात पायातून निसटली होती आणि हे एका चपलेवर घरापर्यंत आले होते. काकू पोट धरून हसल्या. मग त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू ओठांतच विरलं. मास्तर स्वतःच्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मग पायांच्या दवाखान्यात जाणं आलं. तिथली डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढी, बोलायला भराभर, पण हाताची हलकी. तिनं मास्तरांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "सर, मी तळव्याला दोरा टेकवीन. कळलं की हो म्हणा." मास्तर डोळे मिटून, पाठ ताठ करून बसले. ती दोरा टेकवत गेली, अंगठ्याला, टाचेला, करंगळीखाली. मास्तर गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, सुरू कधी करताय?"

एरवी या माणसाला राग आला की तळपायाची आग मस्तकात जायची. आता त्या तळपायाला आगच काय, काहीच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. अनवाणी फिरायचं नाही, घरातही. रोज आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. आणि मोजे बांबूच्या कापडाचे घ्यायचे, मऊ असतात, घाम शोषतात. वरची पट्टी सैल हवी, बोटांपाशी शिवण नको. "आणि रंग पांढरा घ्या काकू, म्हणजे काही असलं तर लगेच दिसेल."

"पांढराच घेणार," काकू म्हणाल्या. पांढऱ्या रंगाबद्दल त्यांना कुणी सांगावं, हीच मुळात गंमत होती.

दुकानात मास्तरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजा दोन बोटांत धरून उंच केला. "बांबू? अहो, हा मी आयुष्यभर हातात धरला. आता पायात घालायची वेळ आली होय!" विक्रेती पोरगी हसली. काकू हसल्या नाहीत, त्यांचं काम सुरू झालं होतं. त्यांनी मोजा उलटा केला, आत हात घातला आणि बोटांकडची शिवण गालावर फिरवून पाहिली. टोचली. बाजूला. दुसऱ्याची पट्टी ताणून सोडली, ती सैल पडली ती पडलीच. बाजूला. तिसरा उजेडासमोर धरला, तर टाचेतून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. बाजूला. पोरगी म्हणाली की नुसत्या बांबूचा मोजा टाचेला लवकर विरतो, थोडा नायलॉन मिसळलेला घ्या, टिकेल. काकूंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. हे कापडाचं बोलणं होतं, विक्रीचं नव्हतं.

काउंटरवर मोज्यांचा ढीग झाला तेव्हा पोरगी म्हणाली, "काकू, मोजे घेताय की जावई बघताय?"

"जावई एकदाच बघायचा असतो, बाई. मोजे रोज घालायचेत."

शेवटी हवे तसे सापडले. पिसासारखे हलके, शिवण हाताला लागेना, पट्टी घोट्याला धरून राहते पण वळ उठवत नाही. काकू खुशीत घरी आल्या, आणि त्या खुशीतच त्यांनी पहिला जोड इस्पितळाच्या पद्धतीनं कढत पाण्यात घालून, साबण लावून, चांगला पीळ देऊन धुतला. पीळ म्हणजे काकूंचा पीळ. ओल्या चादरीतून पाण्याचा शेवटचा थेंब काढणारे हात ते. मोजा वाळला तेव्हा बाहुलीला झाला असता. मास्तरांनी तो अंगठ्यावर चढवून बघितला आणि म्हणाले, "अगं, अंगठ्याचं झालं. आता बाकीच्या चार बोटांना शिव."

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिला फोनवर हे कळलं आणि ती हसून हसून बेजार झाली. मग तिनं पाकिटावरची बारीक अक्षरं फोटोवरून वाचून दाखवली. "आई, गार पाण्यात धुवायचे. उलटे करून. पिळायचे नाहीत, ओलं झालं की हे कापड कच्चं होतं. ते वासाचं मऊ करणारं औषध घालायचं नाही, त्यानं घाम शोषला जात नाही. आणि सावलीत वाळवायचे."

"आता मोज्याला विचारून पाणी घालायचं का मी?" काकू फणकारल्या.

पण कापडाशी वैर धरणारी बाई ती नव्हे. आठवड्याभरात त्यांनी मोज्यांचा स्वभाव ओळखला. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसे त्या ते गार पाण्यात हलवायच्या, पिळण्याऐवजी टॉवेलच्या दोन घड्यांत दाबायच्या आणि सावलीत आडवे पसरायच्या. एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्या पदरची घातली. दारापाशी एक निळी बादली ठेवली, त्यात गार पाणी आणि मूठभर मीठ. घाम वाळून बसला की पांढरं पिवळं पडतं, म्हणून मास्तर फिरून आले की खुर्चीत बसायचे, मोजे उलटे काढायचे आणि थेट बादलीत टाकायचे. सकाळपर्यंत भिजत. महिने गेले तरी मोजे दुकानातल्यासारखे. शेजारीण म्हणाली, "सरांचे मोजे रोज नवे आणता की काय?" काकूंना मूठभर मांस चढलं.

आरशाचं मात्र मागे पडलं. सुरुवातीला मास्तर रोज बघायचे. मग पोट आडवं येतं म्हणायला लागले, मग "पाय आहेत तिथंच आहेत" म्हणायला लागले. काकूंनीही लावून धरलं नाही. मोजे इतके छान होते, की पायाचं सगळं त्यांच्यावर सोपवल्यासारखंच झालं होतं.

त्याच सुमारास शाळेनं मास्तरांना क्रीडादिनाचे पाहुणे म्हणून बोलावलं. पोरांच्या पुढे चालत मैदानाची फेरी घालायची होती. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. नवे तपकिरी चामड्याचे बूट आले आणि रोज संध्याकाळी खालच्या मैदानात सराव सुरू झाला. काकू गॅलरीतून बघायच्या. हात खांद्यापर्यंत, मान ताठ, तोंडानं स्वतःलाच डावा-उजवा. एवढा आनंदात हा माणूस कितीतरी दिवसांत दिसला नव्हता, आणि काकूंना तो तसा बघून आपल्या लग्नाचे दिवस आठवायचे.

एका सकाळी बादलीतल्या पाण्यात तांबूस झाक दिसली. काकूंनी बादली उजेडाकडे सरकवली, वाकून पाहिलं आणि मनात म्हणाल्या, "नव्या बुटांचा रंग उतरतोय." पाणी ओतलं, दुसरं घेतलं, मीठ जरा जास्त घातलं. मोजे लख्ख निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाक, पुन्हा पाणी बदललं, पुन्हा लख्ख. चामड्याचा रंग एवढ्या सहज सुटतो याचं त्यांना थोडं नवल वाटलं. थोडं कौतुकही वाटलं, स्वतःचंच.

क्रीडादिन दोन-तीन दिवसांवर आला होता आणि पायांच्या दवाखान्याची नेहमीची तारीख त्याआधी होती. दवाखान्यात जायचं म्हणून काकूंनी घडीतला ताजा जोड काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी बूट काढला आणि म्हणाली, "वा! काकू, असे मोजे माझ्याकडे कुणाचे येत नाहीत." काकू लाजल्या. डॉक्टरीणबाईंनी मोजा उलटत काढला, आणि दिवा पायाजवळ ओढला.

करंगळीच्या खाली, तळव्याला, एक भोक होतं. कडा पांढऱ्या, आत लाल. बुटाच्या आत सुईएवढ्या खिळ्याचं टोक वर आलं होतं, मोज्याची वीण न उसवता आरपार जाणारं, आणि रोजच्या त्या डाव्या-उजव्यात ते आत आत शिरत राहिलं होतं. मास्तर दोघींच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "काय झालं? मला काही नाही."

"काकू, कालचा मोजा आहे?"

"कालचा? तो धुतला."

"परवाचा?"

"तोही धुतला. मी रोज धुते. लगेच." निळी बादली त्यांच्या डोळ्यासमोर आली, पाण्यातली ती तांबूस झाक आली. सबंध आयुष्य ज्या बाईनं रक्ताचा डाग एका नजरेत ओळखला, तिनं आपल्या नवऱ्याचं रक्त मीठ घालून मोरीत ओतलं होतं. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. जखम हाडापर्यंत गेलीय, बोट बहुतेक जाईल, आणि पसरलं तर तिथंच थांबेल असं सांगता येत नाही. मास्तरांनी एकच विचारलं, "शनिवारी फेरी आहे हो, तेवढी?" मग स्वतःच मान हलवली आणि शर्टाच्या बाहीचं बटण लावत बसले.

करंगळी गेली. शाळेच्या मैदानाची फेरी दुसऱ्याच कुणीतरी घातली. इस्पितळही तेच, काकूंचं. वर खाटेवर मास्तर, आणि त्यांच्या अंगाखालची चादर रोज गोळा होऊन खाली जायची. काकू ती जाताना बघायच्या. खाली कुणीच विचारणार नव्हतं, हा डाग कुणाचा. त्यांना पहिल्यांदा त्या रिवाजाचा राग आला. मग राग फिरून स्वतःवर आला.

घरी आल्यावर काकूंनी बादली माळ्यावर टाकली. मोज्यांना हात लावेनात. मास्तर पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून बसलेले, आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून एकदम म्हणाल्या, "मीच केलं हे. मी पाणी पाहिलं होतं. दोनदा."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "अगं, पाय कुणाचा?"

"तुमचा."

"मग बघायचं कुणी? आरसा कुणी बघायचा होता? मला पोट आडवं येत होतं म्हणे! पोरांना नखं तपासायला रांगेत उभं करणारा मास्तर मी. आणि तू मोजे धुतलेस. मारले नाहीस मला."

काकूंना रडू फुटलं. मास्तरांना उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि काकू येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

जखम भरली, खिळ्याच्या बुटांचा जोड भंगारात गेला, कापडी रुंद बूट आले. आणि घरात नवा रिवाज लागला. ऊन असतानाच फिरून यायचं. आल्यावर मास्तर खुंटीवरची शिट्टी काढून वाजवायचे आणि ओरडायचे, "मोजे-तपासणी!" काकू मोजे उलटे करून गॅलरीत न्यायच्या, उजेडाला धरायच्या, टाच, चवडा, एकेका बोटाची जागा. मग आरसा, मग मास्तरांचा तळवा स्वतःच्या मांडीवर. त्यानंतरच पाणी. काकूंना हे जड गेलं. घामट मोजा हातात धरून ठेवायचा आणि धुवायचा नाही, म्हणजे त्यांच्या हातांना खाज सुटायची. पण त्यांनी ते सोडलं नाही.

बरेच महिने काहीच निघालं नाही. मास्तर चिडवायचे, "इन्स्पेक्टरबाई, आजही निर्दोष सोडणार का?"

मग एका संध्याकाळी उजव्या मोज्यावर, अंगठ्याच्या टोकाशी, मसुरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. काकूंनी मास्तरांचा पाय पाहिला, आरसा फिरवला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, पण नखाच्या कडेला काही नीट दिसेना. दवाखाना त्या वेळी बंद झालेला. हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला. ताजा डाग, गार पाणी, पाच मिनिटांचं काम. वाळला की बसणार, हे त्यांना कळत होतं. काकूंनी बरणी होती तिथं ठेवली, मोजा कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी दोघं दाराशी हजर. ज्या बाईनं उभ्या जन्मात मळका रुमाल घराबाहेर नेला नाही, तिनं डॉक्टरीणबाईंच्या स्वच्छ टेबलावर कालचा, घामट, न धुतलेला मोजा ठेवला आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे बघा. मी काढलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी भिंग घेतलं. नखाची कड आत रुतायला लागली होती आणि तिथं बारीकशी जखम होती, खालून पिकायला आलेली. तिनं ती साफ केली, औषध लावलं, नख नीट कापलं. हात धुता धुता म्हणाली, "आठवड्यानं आला असतात, तर अंगठ्याचं मला सांगता आलं नसतं. आणि अंगठा गेला की सर, चाल गेली."

घरी परतताना मास्तरांनी काकूंच्या हातातली पर्स घेतली आणि ती काखेत धरून, एरवीपेक्षा सावकाश, काकूंच्या चालीनं चालत आले.

दुपारी काकूंनी माळ्यावरची निळी बादली काढली. गार पाणी, मीठ, हलका हात. डाग फिका झाला, पण गेला नाही. वाळून बसला होता. पिळून, घासून, कढत पाण्यात घालून तो काढायची विद्या त्यांच्याकडे होती, पण तेवढ्यात मोजा फाटला असता. काकूंनी मोजा टॉवेलात दाबला आणि दोरीवर, सगळ्यांत पुढे, सावलीच्या बाजूला पसरला.

समोरच्या गॅलरीतली शेजारीण कापड झटकायला बाहेर आली आणि थबकली. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"काकू! मोज्यावर डाग राहिलाय की हो!"

काकूंनी चिमटा नीट केला.

"तुला तिथून दिसतो?"

"दिसतो म्हणजे काय, चांगला दिसतो!"

"मग बरंय," डागकाकू म्हणाल्या, आणि मास्तरांचा चहा टाकायला आत गेल्या.